जागामालकाचे सुरक्षा-दायित्व

जागामालकाचे सुरक्षा-दायित्व : राहती इमारत, हॉटेल, दुकान, रुग्णालय, वाहनतळ यांसारख्या जागेत तिऱ्हाइताने केलेल्या गुन्ह्यामुळे तेथे राहणाऱ्या वा कामानिमित्त आलेल्या व्यक्तीस इजा झाली आणि वाजवी बंदोबस्त ठेवला असता तर ती टळली असती असे सिद्ध झाले, तर त्या जागेच्या मालकावर किंवा भोगवटादारावर येणारी नुकसानभरपाईची दिवाणी जबाबदारी. ही अपकृत्य विधीची, त्यातही हयगय या अपकृत्याची, एक शाखा आहे. गुन्हेगाराची फौजदारी जबाबदारी तिच्यामुळे कमी होत नाही, तसेच मालक हा गुन्ह्यातील साथीदारही ठरत नाही. त्याचा दोष अकृतीचा असतो : मोडके कुलूप दुरुस्त न करणे, जिन्यात दिवा न लावणे, पूर्वी घडलेल्या हल्ल्यांची माहिती असूनही रखवालदार न नेमणे इत्यादी.

अशी जबाबदारी मान्य करण्यास इंग्लिश रूढिविधी दीर्घकाळ अनुत्सुक होता. एक तर, विशेष नाते नसताना एका व्यक्तीवर दुसरीचे रक्षण करण्याचे कर्तव्य तो सामान्यतः लादत नाही. दुसरे असे की, तिऱ्हाइताने बुद्धिपुरस्सर केलेला गुन्हा मधे आला म्हणजे मूळ हयगय आणि अंतिम हानी यांमधील कारणसंबंध तुटतो, असे मानले जाई. या दोन तत्त्वांना पडत गेलेल्या अपवादांचा इतिहास म्हणजेच प्रस्तुत विषयाचा इतिहास होय. तथापि ही जबाबदारी सर्वस्वी आधुनिक नाही. पोलीस दलांच्या स्थापनेपूर्वी अनेक समाजांत गुन्ह्याची झळ ज्याच्या हद्दीत तो घडला त्याला सोसावी लागे.

प्राचीन व मध्ययुगीन व्यवस्था : बॅबिलोनियाच्या हामुराबी राजाच्या संहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) दरोडेखोर सापडला नाही, तर लुटल्या गेलेल्या इसमाची भरपाई त्या नगराने व तेथील अधिकाऱ्याने करावी, असे कलम आहे. भारतीय धर्मशास्त्रकारांनी हे दायित्व प्रथम राजावर ठेवले. चोरीचा माल परत मिळविता आला नाही, तर राजाने तो आपल्या कोशातून द्यावा, असा त्यांचा दंडक होता. प्रजेकडून कर घेणाऱ्याने तिचे रक्षण केलेच पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. कौटिलीय अर्थशास्त्रात ही जबाबदारी जागेनुसार वाटून दिलेली आढळते. व्यापाऱ्याचा माल गावात गेल्यास ग्रामप्रमुखाने, दोन गावांमधील कुरणाच्या प्रदेशात गेल्यास कुरणांच्या अध्यक्षाने आणि जेथे कुरण नाही तेथे चोर पकडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने भरपाई द्यावी, असे तेथे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत चोराचा माग ज्या गावापर्यंत जाईल त्या गावाला जबाबदार धरले आहे.

याच मागाच्या तत्त्वावर मराठी राज्यातील गावगाड्याचा बंदोबस्त चाले. गावाच्या बंदोबस्ताचा प्रमुख पाटील असे आणि त्याच्या हाताखाली जागल्या राखण करी. हे काम प्रदेशपरत्वे रामोशी, भिल्ल किंवा महार यांच्याकडे असे. चोरी झाल्यास जागल्याने माग काढत शिवेपर्यंत जावे व तो पुढील गावाच्या हवाली करावा. ज्या गावी माग संपेल त्या गावाने चोर द्यावा अथवा मालाची किंमत भरावी, अशी रीत होती. जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यावे आणि उरलेली रक्कम गावावर बसवावी, असा क्रम असे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये दिलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. ज्या गावाला चोरी थांबविणे शक्य नव्हते व भरपाई देण्याची ऐपतही नव्हती, त्या गावाकडून ती वसूल करणे अन्यायाचे होते, असे त्याने नोंदविले. मात्र पुरी वसुली क्वचितच होई, एरव्ही काही दंड घेतला जाई, हेही त्याने सांगितले. दायित्वाची वाजवी मर्यादा कोणती, हा त्याच्या शेऱ्यातून उपस्थित होणारा प्रश्न पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकन न्यायालयांपुढे वेगळ्या रूपात आला.

इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीतील विंचेस्टरच्या संविधीने (१२८५) ‘हंड्रेड’ या स्थानिक विभागातील रहिवाशांवर तेथे होणाऱ्या लुटमारीची सामुदायिक जबाबदारी टाकली. याच संविधीतील दुसरी तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. बाजारपेठांना जोडणाऱ्या राजमार्गांच्या दोन्ही बाजूंना २०० फुटांपर्यंत झाडीझुडपे व खंदक राहू नयेत, म्हणजे दबा धरून बसण्यास जागा उरणार नाही, असा तिचा आशय होता. मोठे वृक्ष मात्र तिने वगळले होते. जमीनदाराने झाडी काढली नाही आणि त्यामुळे तेथे लुटमार झाली, तर तिचे उत्तरदायित्व त्याच्यावर येई. खून झाल्यास राजाच्या मर्जीनुसार दंड भरावा लागे. जागेची अवस्था, तीतून निर्माण होणारी गुन्ह्याची संधी आणि ती संधी दूर करण्याची मालकाची शक्ती या आधुनिक दायित्वाच्या तिन्ही घटकांचा मेळ येथे स्पष्ट दिसतो.

पांथशाळांची परंपरा : दुसरी परंपरा पांथस्थांच्या निवासाशी निगडित आहे. रोमन विधीत जहाजचालक, खाणावळवाले व तबेलेवाले यांना त्यांच्या हवाली केलेल्या मालाबद्दल जवळजवळ निरपवादपणे जबाबदार धरत. या व्यावसायिकांनी चोरांशी संगनमत करू नये आणि प्रवाशाला ते सिद्ध करण्याची अशक्यप्राय कामगिरी करावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. इंग्लंडमध्ये केलीच्या खटल्यात (१५८४) सार्वजनिक पांथशाळेच्या मालकाचे हे दायित्व निश्चित झाले : पाहुण्याचा माल पांथशाळेच्या आवारातून चोरीस गेल्यास मालकाने तो भरून द्यावा. पुढे १८६३ च्या अधिनियमाने या दायित्वाला ३० पौंडांची सर्वसाधारण मर्यादा घातली. हे दायित्व मालापुरतेच होते. पाहुण्याच्या शरीरावर हल्ला झाल्यास मालक तितक्याच कडकपणे बांधला जात नसे. तथापि अनोळखी ठिकाणी रात्र काढणारा माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही, ज्याच्या हाती दाराच्या किल्ल्या आहेत त्यानेच ते केले पाहिजे, हा विचार या परंपरेतून विधीत रुजला.

पोलीसयुग : १८२७ मध्ये विंचेस्टरचा संविधी रद्द झाला व हंड्रेडचे लुटमारीबाबतचे दायित्व संपुष्टात आले, केवळ दंगलीतील हानीपुरते ते शिल्लक राहिले. दोनच वर्षांनी, १८२९ मध्ये, लंडनचे पगारी पोलीस दल स्थापन झाले. गुन्ह्यांना आळा घालणे हे शासनाचे काम ठरले. नागरिक त्यासाठी कर भरतो, तेव्हा शेजाऱ्याने अथवा घरमालकाने पोलिसाचे काम करावे अशी अपेक्षा त्याला ठेवता येत नाही, असा युक्तिवाद रूढ झाला. भाडेपट्ट्याविषयीच्या जुन्या कल्पनेने त्याला बळ दिले : भाडेकरूला जमिनीत हितसंबंध मिळाला की तिची चिंता त्याने वाहावी, असे ही कल्पना मानी. शेत खंडाने घेणाऱ्याबाबत ती ठीक होती. परंतु शेकडो बिऱ्हाडांच्या इमारतीत जिने, लिफ्ट, बोळ आणि मुख्य दार यांवर कोणाही एका भाडेकरूचा ताबा नसतो, ही वस्तुस्थिती तिच्यात बसत नव्हती.

अमेरिकेतील परिवर्तन : या शाखेचा खरा विकास विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. आरंभीचा महत्त्वाचा निर्णय मालक व नोकर यांच्या नात्याविषयी होता. मेंफिस येथील रेल्वेच्या आवारात एका एकाकी खोलीत रात्रपाळीला असलेल्या तारायंत्रचालक स्त्रीवर हल्ला झाला. दार ठोठावणारा कोण आहे हे पाहण्यास तिला दार उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते व बाहेर उजेडही पुरेसा नव्हता. ‘लिली विरुद्ध टॉम्सन’ या खटल्यात (१९४७) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गुन्ह्याचा धोका मालकाला दिसत होता, तर हानी गुन्हेगाराच्या हातून झाली एवढ्यावरून त्याची सुटका होत नाही. १९६५ मध्ये अमेरिकन विधी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अपकृत्य विधीच्या दुसऱ्या संकलनात, लोकांना व्यवसायानिमित्त आवारात बोलावणाऱ्या मालकाचे असे कर्तव्य नमूद करण्यात आले.

घरमालकांबाबत मात्र न्यायालये कचरत होती. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गोल्डबर्ग विरुद्ध न्यूअर्क गृहनिर्माण प्राधिकरण’ या खटल्यात (१९६२) सार्वजनिक गृहवसाहतीच्या लिफ्टमध्ये लुटल्या गेलेल्या दूधवाल्याचा दावा फेटाळला. पोलीस संरक्षण हे शासनाचे काम आहे. ते घरमालकावर लादल्यास त्याचा खर्च अखेर भाडेकरूंवर पडेल आणि ज्या वस्त्यांत गुन्हे अधिक त्याच वस्त्यांतील गरिबांना तो सर्वांत जड जाईल, असे कारण न्यायालयाने दिले.

आठ वर्षांनी वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने ‘क्लाइन विरुद्ध १५०० मॅसॅचूसेट्स अॅव्हेन्यू अपार्टमेंट कॉर्पोरेशन’ या खटल्यात (१९७०) नेमकी उलट भूमिका घेतली. सुमारे ५८५ बिऱ्हाडांच्या या इमारतीत वादी स्त्री १९५९ मध्ये राहावयास आली, तेव्हा मुख्य दारावर चोवीस तास द्वारपाल असे, आतील टेबलाशी कर्मचारी असे आणि बाजूच्या वाटांवरही देखरेख होती. १९६६ पर्यंत द्वारपाल काढून टाकण्यात आला, टेबल बहुधा रिकामे राहू लागले व बाजूचे दार पुष्कळदा रात्रभर उघडे राही. इमारतीत हल्ले व लूट वाढत असल्याची मालकाला माहिती होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वादीवर घराबाहेरील बोळात हल्ला झाला. दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका भाडेकरू स्त्रीवर त्याच ठिकाणी असाच हल्ला झाला होता. न्यायमूर्ती विल्की यांनी बहुमताच्या निर्णयात म्हटले की, सामाईक जागेचे रक्षण करण्याचे सामर्थ्य एकट्या मालकाजवळ आहे, भाडेकरूजवळ नाही आणि पोलीस इमारतीच्या बोळांतून गस्त घालीत नाहीत. आजच्या शहरातील घरमालकाचे भाडेकरूशी असलेले नाते पांथशाळेच्या मालकाच्या पाहुण्याशी असलेल्या नात्यासारखे आहे, असा दाखलाही त्यांनी दिला. मालक सुरक्षेचा हमीदार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. भाडेकरार झाला त्या वेळी बंदोबस्ताचा जो दर्जा होता, तो सापेक्षतः टिकविणे एवढीच अपेक्षा त्याच्याकडून होती. राहते घर राहण्यायोग्य असण्याची गर्भित हमी भाडेपट्ट्यात असते, हा निर्णयही याच न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. दोन्ही निर्णयांनी भाडेपट्ट्याकडे जमिनीचे हस्तांतरण म्हणून न पाहता सेवेचा करार म्हणून पाहिले.

यानंतर दाव्यांची संख्या व व्याप्ती वाढत गेली. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका मोटेलमध्ये एका प्रसिद्ध गायिकेवर अत्याचार झाला. खोलीचे सरकते काचेचे दार बंद दिसत असले, तरी बाहेरून सहज उघडता येत होते. १९७६ मध्ये ज्यूरीने तिला २५ लाख डॉलर भरपाई ठरविली आणि हॉटेल व्यवसायाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८० मध्ये आपला सूर बदलला आणि इमारतीच्या मुख्य दाराला कुलूप नसणे हा राहण्यायोग्यतेच्या हमीचा भंग ठरविला. याच सुमारास ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात (१९७२) प्रवेशद्वारे, उजेड व नजरेच्या टप्प्यातील मोकळ्या जागा यांच्या रचनेवर गुन्ह्यांचे प्रमाण अवलंबून असते, असे प्रतिपादन केले. वाजवी बंदोबस्त म्हणजे काय, याविषयीच्या तज्ज्ञांच्या साक्षींना त्यातून एक आधार मिळाला.

दायित्वाच्या कसोट्या : मालकाचे कर्तव्य मान्य झाल्यावर गुन्ह्याची पूर्वकल्पना त्याला येणे शक्य होते काय, हा प्रश्न कळीचा ठरला. अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांत त्यासाठी चार कसोट्या आढळतात. सर्वांत जुन्या व कडक कसोटीनुसार विशिष्ट व्यक्तीकडून तत्काळ धोका असल्याचे मालकाला ठाऊक असावे लागते. दुसरीनुसार त्याच जागी पूर्वी तसेच गुन्हे घडलेले असावे लागतात. ही कसोटी निश्चित असली, तरी पहिल्या बळीला ती न्याय नाकारते. तिसऱ्या कसोटीत परिसर, जागेची रचना, व्यवसायाचे स्वरूप इ. सर्व परिस्थितीचा विचार होतो. चौथीत धोक्याची तीव्रता आणि उपाययोजनेचा भार यांचा तोल पाहिला जातो. दिवा किंवा कुलूप यांसाठी अल्प पूर्वकल्पना पुरते, सशस्त्र रखवालदारासाठी ती फार मोठी असावी लागते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सर्वांगीण परिस्थितीची कसोटी स्वीकारली होती. तथापि १९९३ मध्ये रखवालदार नेमण्याच्या कर्तव्यापुरती तत्सम पूर्वघटनांची अट घालून त्याने ती संकुचित केली. टेनेसीने १९९६ मध्ये व लुइझिॲनाने १९९९ मध्ये तोलाची कसोटी पत्करली.

कर्तव्य व पूर्वकल्पना सिद्ध होऊनही कारणसंबंध दाखवावा लागतो : उणीव भरून काढली असती, तर गुन्हा बहुधा टळला असता काय? हल्लेखोर उघड्या दाराने आला की तो स्वतःच इमारतीतील रहिवासी होता, यावर कित्येक दाव्यांचे भवितव्य ठरते. गुन्हेगार व मालक यांच्यात दोषाची वाटणी कशी करावी, हाही बिकट प्रश्न आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या तळघरातील वाहनतळात बाँबस्फोट होऊन सहा जण मृत्यू पावले. त्या वाहनतळाच्या धोक्याविषयी जागेची मालकी असलेल्या बंदर प्राधिकरणाला १९८५ मध्येच इशारा मिळाला होता. २००५ मध्ये ज्यूरीने ६८ टक्के दोष प्राधिकरणाचा आणि ३२ टक्के दहशतवाद्यांचा ठरविला. हेतुपुरस्सर केलेल्या हत्येपेक्षा हयगय मोठी कशी, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. मात्र त्याने आधार घेतला तो सुरक्षेचे नियोजन हे शासकीय कार्य असल्याने मिळणाऱ्या उन्मुक्तीचा.

एकविसाव्या शतकात विधिमंडळांचा कल मालकाचे दायित्व मर्यादित करण्याकडे दिसतो. फ्लॉरिडाच्या २०२३ च्या अधिनियमाने, ठरावीक दर्जाचे दिवे, कुलपे, कॅमेरे इ. साधने बसविणाऱ्या व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या बहुबिऱ्हाडी इमारतींच्या मालकांच्या बाजूने गृहीतक निर्माण केले. जॉर्जियानेही २०२५ मध्ये या दाव्यांवर निर्बंध घातले.

इतर देश : इंग्लंडने अमेरिकेचा कित्ता गिरविला नाही. घरात कोणी नसताना दाराला कुलूप न लावता बाहेर गेलेल्या रंगाऱ्याला चोरीबद्दल जबाबदार धरणारा १९४८ चा निर्णय प्रसिद्ध आहे. परंतु त्या ठिकाणी घर राखण्याची जबाबदारी कराराच्या नात्याने त्याच्यावर आली होती. ‘स्मिथ विरुद्ध लिटलवुड्स’ या स्कॉटलंडमधील खटल्यात (१९८७) उमरावांच्या सभागृहाने रिकाम्या चित्रपटगृहात शिरून आग लावणाऱ्या टवाळांच्या कृत्याबद्दल मालकाला मोकळे केले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००० मध्ये असेच मत दिले : बाजारसंकुलाच्या वाहनतळावरील दिवे रात्री दहा वाजता बंद होत आणि त्या अंधारात एका दुकानातील कर्मचाऱ्याला तिघांनी मारहाण केली, तथापि अनोळखी गुन्हेगारांवर मालकाचे नियंत्रण नसल्याने त्याचे कर्तव्य तेथवर पोहोचत नाही, असे ठरले.

भारत : १८६७ च्या सराई अधिनियमात सराई चालविणाऱ्याने दंडाधिकाऱ्याला आवश्यक वाटतील तितके पहारेकरी ठेवावेत, अशी तरतूद होती. १८७२ च्या संविदा अधिनियमानुसार दुसऱ्याची वस्तू निक्षेप म्हणून स्वीकारणाऱ्याने सामान्य विचारी माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेणे आवश्यक आहे. भारतीय न्यायनिर्णयांचा भर मुख्यतः या दुसऱ्या तत्त्वावर राहिला. दिल्लीतील एका हॉटेलच्या ताब्यातून १९९८ मध्ये चोरीस गेलेल्या पाहुण्याच्या मोटारीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे ठरविले की, किल्ली हॉटेलच्या नोकराच्या हाती दिल्यावर वाहन निक्षेप ठरते. ते परत न मिळाल्यास हॉटेलची हयगय प्रथमदर्शनी गृहीत धरली जाईल आणि ‘जबाबदारी मालकाची’ अशा छापील सूचनेने स्वतःच्या हयगयीचे परिणाम टळणार नाहीत. बँकांच्या तिजोरीकप्प्यांबाबत न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले. त्यांनुसार १ जानेवारी २०२२ पासून चोरी, दरोडा, आग किंवा नोकराची अफरातफर यांमुळे झालेल्या हानीबद्दल बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट निश्चित झाले.

अशा रीतीने ताब्यात दिलेल्या वस्तूचे संरक्षण भारतीय विधीत सुस्पष्ट आहे. जागेत वावरणाऱ्या माणसाच्या संरक्षणाविषयी मात्र अमेरिकेतल्यासारखी न्यायनिर्णयांची सलग परंपरा भारतात तयार झाली नाही. २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात जायबंदी झालेल्या एका ब्रिटिश पाहुण्याने हॉटेलच्या मालक-कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा लावला. भारतात दिवाणी दाव्यांना लागणारा विलंब लक्षात घेऊन तो तेथे चालविता येईल, असे तेथील उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले.

मूल्यमापन : या दायित्वाच्या समर्थकांच्या मते, अल्प खर्चात गुन्ह्याची संधी दूर करणे ज्याला शक्य आहे त्याच्यावरच भार टाकणे न्याय्य व किफायतशीर आहे, गुन्हेगार बहुधा सापडत नाही वा निर्धन असतो आणि भरपाईअभावी सर्व हानी निरपराध व्यक्तीवर पडते. विरोधकांच्या मते, समाजाच्या अपयशाची किंमत खाजगी मालकाकडून वसूल केली जाते. विम्याचे हप्ते व भाडी वाढतात, दुकाने गरीब वस्ती सोडून जातात आणि इमारतींना तटबंदीचे रूप येते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एल्फिन्स्टनने गावाच्या भरपाईबाबत आणि न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९६२ मध्ये गृहवसाहतीबाबत घेतलेला आक्षेप मुळात एकच आहे : रोखण्याची शक्ती नसलेल्यावर दायित्व लादणे हा अन्याय होय. परंतु त्याच आक्षेपातून दुसरी बाजूही निष्पन्न होते. दाराची किल्ली, जिन्यातील दिवा आणि पूर्वीच्या हल्ल्यांची माहिती या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाती आहेत, त्याला शक्ती नव्हती असे म्हणता येत नाही. पोलीसयंत्रणा अस्तित्वात आल्याने हे सत्य बदललेले नाही. म्हणून मालकाला हमीदार न मानता, त्याचे नियंत्रण व त्याची माहिती जेथवर पोहोचते तेथवरच त्याला जबाबदार धरणे, ही मर्यादा बहुतेक न्यायालयांना आणि विधिज्ञांना आज ग्राह्य वाटते.